चित्रातल्या बाईचा हात

माझ्या आईच्या छातीत गाठ आहे, हे वडिलांनी मला पाच महिने बोटानं दाखवलं आणि पाच महिने मी त्यांना इटलीतल्या चित्रकलेवर व्याख्यानं दिली. आई आता नाही. हे सुरुवातीलाच लिहून टाकते, कारण मागाहून लिहीन म्हटलं तर आधी चार सबबी रचीन. सबबी रचण्यात माझा हात कुणी धरणार नाही.

मी अमरावतीच्या एका कला महाविद्यालयात कलेचा इतिहास शिकवते. माहेर अकोल्याचं, जठारपेठेतलं, आणि मी एकुलती एक. बाबांना लकवा मारल्यापासून शनिवारी दुपारी बडनेऱ्याला जाऊन गाडी धरायची, अकोल्याला उतरायचं आणि रविवारी संध्याकाळी परत फिरायचं, असा माझा नेम होता. सासरचे लोक याचं कौतुक करत. मीही मनातल्या मनात करत असे.

बाबा बाळापूरकडच्या एका शाळेत चित्रकलेचे मास्तर होते. त्यांच्या हाताखालून ग्रेडच्या परीक्षेला बसलेल्यांपैकी कुणी आज फ्लेक्स छापतं, कुणी लग्नात फोटो काढतं, एक जण पोलिसात आहे. चित्र काढायचं सोडून चित्रांवर बोलायला लागलेली मी एकटीच. बाबांना त्याचाच अभिमान. आल्यागेल्याला सांगत, ‘आमी चित्र काढतो, हे पोरगी चित्र वाचते.’ ऐकून माझी मान ताठ व्हायची. ती फार वर्षं ताठच राहिली.

आमच्या मधल्या खोलीत एक चित्र होतं. रद्दीत सापडलेल्या कुठल्याशा परदेशी पुस्तकाचं पान बाबांनी कापून, काच बसवून लावलेलं. सोळाव्या शतकातलं, इटलीतलं. चित्रकार कोण हे नक्की नाही. कमानीखाली एक बाई बसली आहे. अंगावरचं झिरझिरीत वस्त्र कमरेपर्यंत घसरलेलं, आणि उजव्या हाताची दोन बोटं तिनं डाव्या स्तनाखाली टेकवलेली. शेजारी दासी आरसा घेऊन उभी, पण आरसा बाईकडे नाही, आपल्याकडे वळलेला. पुढ्यात फोडलेलं डाळिंब, वाळूचं घड्याळ, पायाशी कुत्रं. मागे अर्धवट उघडं दार, आणि त्या दाराशी एक दाढीवाला म्हातारा पडदा हातात धरून उभा आहे. तो पडदा उघडतोय की ओढून घेतोय, हे आजवर कुणाला ठरवता आलेलं नाही.

या चित्रावर जाणकारांची भांडणं आहेत. कुणी म्हणतं, बाई म्हणजे सत्य आणि म्हातारा म्हणजे काळ. काळ सत्याला उघडं करतो. कुणी म्हणतं, हा रूपाचा गर्व आहे आणि पडद्यामागून मरण येतंय. तिसरे म्हणतात, हे कुणाच्या तरी लग्नासाठी काढून घेतलेलं चित्र, बाई म्हणजे वात्सल्य, स्तनाखालचा हात म्हणजे दूध. असल्या भांडणांवर माझ्यासारख्यांचं पोट चालतं. चित्राचा अर्थ पक्का लागला तर आमची नोकरी जाईल.

आईला ते चित्र डोळ्यासमोर नको होतं. ‘पुढच्या खोलीत लावसान त मी घरात पाय ठेवणार नाही,’ असं तिनं पहिल्याच दिवशी बाबांना सांगितलं, म्हणून ते मधल्या खोलीत आलं. पाहुणे आले की तिथंही ती त्यावर टॉवेल टाकायची. चौथीपर्यंत शिकलेली, आयुष्यभर घर आणि दोन म्हशी सांभाळलेली बाई. चित्रांबद्दल तिचं मत कुणी कधी विचारलं नाही. मी तर नाहीच नाही.

लकवा बाबांच्या उजव्या अंगावर आला. चित्र काढायचा हात गेला आणि बोलणं गेलं. एकच शब्द उरला, ‘हेच’. पाणी हवं असलं तरी हेच, पंखा बंद करायचा तरी हेच, मी दारात दिसले तरी हेच. डॉक्टर म्हणाले, समज शाबूत आहे, शब्द सापडत नाहीत. लिहिणंही तसंच गेलं होतं. डाव्या हातात पेन्सिल दिली तर त्यांनी कसाबसा एक गोल काढला आणि त्यात एक ठिपका दिला. मी म्हटलं, ‘वा बाबा, डोळा काढला?’ त्यांनी नकारार्थी मान हलवली. मी म्हटलं, ‘पोळी?’ त्यांनी पेन्सिल फेकून दिली. मी ती उचलून कपाटावर ठेवली, उगाच त्यांना त्रास नको म्हणून.

बोलायला शिकवणाऱ्या बाईंनी एक तक्ता दिला होता. त्यात सहा चित्रं होती, पेला, ताट, संडास, अंथरूण वगैरे. एका चित्रात डोकं धरून बसलेला माणूस, म्हणजे दुखतंय. दिवाळीच्या थोडं आधी बाबा त्या माणसावर बोट ठेवायला लागले. आम्ही विचारायचो, डोकं? पोट? पाय? ते नाही म्हणायचे आणि बोट स्वयंपाकघराच्या दाराकडे न्यायचे. आई म्हणायची, ‘त्यायले चहा पायजे,’ आणि उठून जायची. चहा यायचा. बाबा तो प्यायचे नाहीत. मी त्यांचा रक्तदाब मोजायची, अर्धी गोळी द्यायची आणि अमरावतीला फोन करून सांगायची की आज बाबांची जरा तब्येत बरी नाही.

मग एका शनिवारी त्यांनी तक्ता बाजूला सारला आणि भिंतीकडे बोट केलं. मी चित्र भिंतीवरून उतरवून त्यांच्या मांडीवर ठेवलं. त्यांनी डाव्या हाताचं बोट नेमकं त्या बाईच्या बोटांवर टेकवलं आणि म्हणाले, ‘हेच.’

मला इतका आनंद झाला की डोळ्यांत पाणी आलं. बाबांना आपलं चित्र आठवतंय, बाबांना माझ्याशी चित्रावर बोलायचंय! चित्रांबद्दल आम्ही बापलेक नेहमी पुस्तकी मराठीतच बोलत आलो. ती सवय त्यांचीच. मी सुरू केलं, ‘बरोबर आहे बाबा, सगळं भांडण या हाताचंच आहे. ही मुद्रा दाखवणारी आहे की झाकणारी?’ त्यांनी जोरानं नकारार्थी मान हलवली, बोट पुन्हा बाईच्या हातावर, मग स्वयंपाकघराच्या दाराकडे. मी दाराकडे पाहिलं, चित्राकडे पाहिलं. चित्रातही मागे अर्धवट उघडं दार होतंच. ‘दार!’ मी म्हणाले. ‘खरंच की. या दाराचा विचार कुणी केलेलाच नाही.’ आणि पर्समधून वही काढून तसं टिपून घेतलं.

त्या वहीत पुढं पस्तीस पानं भरली. दर आठवड्याला बाबांचं बोट त्याच जागी, मग दाराकडे, आणि दर आठवड्याला माझा नवा अर्थ. एकदा मी म्हणाले, ही बाई शपथ घेतेय. एकदा मी म्हणाले, ती आपल्या हृदयाकडे बोट करतेय, दार म्हणजे मृत्यूनंतरचं. अमरावतीच्या ग्रंथालयातून जाडजूड पुस्तकं उचलून आणायची आणि त्यांना पानं दाखवायची. विद्यार्थ्यांना रसग्रहणाच्या प्रश्नासाठी आम्ही एक यादीच पाठ करायला लावतो. डाळिंब म्हणजे सुफलता, कुत्रं म्हणजे निष्ठा, वाळूचं घड्याळ म्हणजे मरण, आरसा म्हणजे सत्य किंवा गर्व. ‘किंवा’ लिहिलं की पूर्ण गुण. ती यादी मी माझ्या बापावर चालवली.

बाबा चिडायचे. चादर मुठीत धरायचे, ‘हेच, हेच, हेच’ म्हणत गळ्याच्या शिरा ताणायचे आणि शेवटी रडायचे. लकव्यानंतर माणसाला असं विनाकारण रडू येतं, मनावर घेऊ नका, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. मी मनावर घेतलं नाही. त्यांचे डोळे पुसायची आणि पान उलटायची.

या सगळ्या काळात घरात पावडरीचा वास यायचा. इतका की कधी कधी मी खिडकी उघडायची. मला वाटायचं, पडून पडून बाबांची पाठ सोलते म्हणून आई त्यांना पावडर लावते. आई डावा हात अंगाशी धरून वावरायची. मी एकदा म्हटलं, ‘आई, हात दुखतो का गं?’ ती म्हणाली, ‘यायले उचलून उचलून दुखते, बाई. दुखंन नाही त काय?’ मी तिला मलमाची ट्यूब आणून दिली. दोन चित्रं माझ्यासमोर होती, एक मांडीवर आणि एक स्वयंपाकघरात, आणि मी कागदाचं वाचत बसले.

मार्चमध्ये आमच्या महाविद्यालयात चर्चासत्र होतं. मी त्या चित्रावर निबंध वाचला. बाबांचे आभार मानले, म्हटलं, वाचा गेलेल्या एका चित्रकला शिक्षकानं मला हे दार दाखवलं. सभागृह गहिवरलं. चित्र भिंतीवर पुरुषभर मोठं दिसत होतं. शेवटी मूर्तिकलेच्या वर्गातली एक मुलगी उठली आणि म्हणाली, ‘मॅडम, डावी बाजू मॉडेलवरून काढल्यासारखी वाटते, पण ती मॉडेल निरोगी नव्हती. बोटांच्या वर कातडी आत ओढली गेलीय बघा. काखेजवळ फुगलंय.’ मी हसून उत्तर दिलं की त्या काळचे चित्रकार शरीर मुद्दाम वाकवत, ताणत. शरीर त्यांच्यासाठी कल्पना होती, शरीर नव्हतं. टाळ्या पडल्या. मुलगी खाली बसली. त्या वाक्यावर मी शनिवारपर्यंत खूश होते.

त्याच शनिवारी मी निबंधाची प्रत घेऊन अकोल्याला गेले. बाबांना वाचून दाखवायची होती. आई त्यांना वरणभात भरवत होती. मी समोर बसून पहिलं पान वाचायला घेतलं. तीन-चार ओळी झाल्या असतील, तोच बाबांनी डाव्या हातानं आईचा पदर धरला आणि खसकन ओढला. दुसऱ्या हिसक्याला त्यांचा हात तिच्या पोलक्यावर पडला. आईच्या हातातली वाटी सांडली. तिनं त्यांच्या मनगटावर चापट मारली आणि पदर गोळा करून आत निघून गेली.

मी शरमेनं लाल झाले. लकव्यानंतर काही माणसांची मर्यादा सुटते, हे मी कुठंतरी वाचलेलं. माझं वाचन दांडगं. मी ओरडले, ‘बाबा! लाज नाही वाटत? पोरीसमोर?’

ते माझ्याकडे पाहत राहिले. रडले नाहीत, ‘हेच’ म्हणाले नाहीत. मग तोंड भिंतीकडे वळवलं. पुढच्या शनिवारी मी चित्र मांडीवर ठेवलं तर त्यांनी ते बाजूला केलं. त्याच्या पुढच्या शनिवारीही. मला वाटलं, रागावले माझ्यावर. खरं सांगायचं तर मीही रागावले होते. माझ्या निबंधाची प्रत वरणात भिजली होती.

मे महिन्यात, भर उन्हाच्या एका मंगळवारी शेजारच्या खालांचा फोन आला. खाला बायकांची पोलकी शिवतात. आमच्या आईची पंचवीस वर्षं त्यांनीच शिवली. म्हणाल्या, ‘बेटा, तू आजच निंघ. तुही आई मोरीत पडली. हवा लागावी म्हनून मी पोलकं सोडलं तिचं. मले पाहवलं नाही, बेटा. दिवाळीपासून नवं पोलकं काहून शिवत नव्हती, ते आज समजलं मले.’

दवाखान्यात डॉक्टरीण बाईंनी पडदा ओढला आणि मला आत बोलावलं. जे पाहिलं ते लिहीत नाही. हळदीत भिजवलेल्या चिंध्या होत्या, त्यावर पावडर. एक तरुण नर्स कागद भरत होती. तिनं विचारलं, कधीपासून आहे? आई म्हणाली, ‘दिवाळीच्या आंधीपासून.’ नर्सनं विचारलं, पहिल्यांदा कुणाच्या लक्षात आलं? आई छताकडे पाहत म्हणाली, ‘मालकाच्या. मी दाखोलं त्यायले. दुसऱ्या कोनाले दाखवू?’

नर्सनं ते लिहिलं आणि पुढचा प्रश्न विचारला. मी तिथंच भिंतीला टेकून उभी होते. गोल, गोलातला ठिपका, डोकं धरलेला माणूस, बाईची बोटं, दार, पदर. एका बापानं एका हातानं जेवढं सांगता येईल तेवढं सगळं सांगितलं होतं. मी बाहेर येऊन बाकावर बसले.

डॉक्टरीण बाई शांतपणे बोलल्या. आता फुप्फुसात आणि हाडात गेलं आहे, दुखणं कमी ठेवू. आधी आणलं असतं तर वगैरे त्या म्हणाल्या नाहीत. मीच विचारलं. त्या म्हणाल्या, ‘दिवाळीत आणलं असतं तर गोष्ट वेगळी असती.’ मला खोटं ऐकायचं होतं आणि मी विचारलं होतं खरं.

जूनमध्ये त्यांनी आईला घरी पाठवलं. मी रजा काढली. बाबांच्या खाटेशेजारी तिची खाट लावली. मध्ये हातभर जागा, त्यात मी स्टूल टाकून बसायची. चित्र मी भिंतीवरून काढून माळ्यावर टाकलं होतं. बाबा दिवसभर कुशीवर वळून आईकडे पाहत पडून असत.

एका दुपारी गोळीनं जरा बरं वाटत होतं तेव्हा मी आईला विचारलं. रागानंच विचारलं. सात महिने कुणाला सांगितलं का नाहीस, मला का नाही?

‘तुले सांगून काय करू?’ आई म्हणाली. ‘मी दवाखान्यात जाऊन पडली असती त यायले कोनं उचललं असतं? हागणंमुतणं कोनं केलं असतं? तू त शनवारची येतं.’

तिच्या आवाजात टोमणा नव्हता. ती मला वेळापत्रक सांगत होती.

‘मले वाटे, हे उठून बसले का मंग जाऊ,’ ती म्हणाली. ‘बसतच नोते. मी त्यायले सांगितलं होतं, पोरीले समजू द्यायचं नाही. आयकलं का त्यायनं? मास्तर आहेत. सांगितल्याबिगर राहवतेच नाही.’ एवढं बोलून ती बाबांकडे पाहून हसली. बाबांच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं आणि या वेळी ते विनाकारण नव्हतं, हे मला कुणी सांगायला नको होतं.

मी म्हटलं, ‘आई, मला कळायला हवं होतं. मी काय काय बोलत बसले त्यांच्याशी.’

‘आयकत होती न मी,’ आई म्हणाली. ‘तू चित्र घेऊन बसली का माह्या जिवाचं पाणी होये. चुलीपाशी उभी राहून सगळं आयको. तुह्या बाबाचं बोट कुठं हाये हे मले न पाहता समजे. मंग तू सांगाले लागे, डाळिंब, आरसा, अन् ते काय काळ म्हने. मी म्हनो, बरं झालं, पोरगी लांब गेली. मंग तव्यावर पोया टाको.’

मला तिथून उठून जावंसं वाटलं. पण तिनं माझं मनगट धरलं होतं. हातात जोर नव्हता, तरी धरलं होतं.

‘एक डाव मातर तू लय जवळ आली होती,’ ती म्हणाली. ‘संक्रांतीच्या आसपास. तू म्हनली, बाबा, हे बाई बिमार त नाही? तुह्या बाबानं असा आवाज काढला, मले वाटलं आता बोलतेच हा मानूस. मी हातातली परात खाली सोडली. मुद्दाम सोडली. कणीक सारी फरशीवर. तू धावत आत आली, म्हनली आई, लागलं त नाही? माह्यासंगं बसून कणीक भरली तू. अन् मंग तुह्या गाडीची वेळ झाली.’

पावसाळा संपायच्या आत आई गेली. बाबांना मी अमरावतीला आणलं आहे. त्यांना उचलते, पुसते, भरवते, सातही दिवस. आणि हे करताना संक्रांतीच्या त्या रविवारी मी नेमकं काय पाहिलं होतं, कशावरून तसं विचारलं होतं, ते आठवायचा प्रयत्न करते. वहीची पस्तीसही पानं तपासली. आजारी हा शब्द त्यांत कुठंच नाही. कणीक भरून झाल्यावर मी बाबांकडे परत गेले की सरळ पर्स उचलली, तेही आठवत नाही. उत्तर माझ्या तोंडून बाहेर पडलं होतं, बाबांनी ऐकलं होतं, आईनं ऐकलं होतं. मलाच तेवढं ऐकू आलं नाही.